बोललेले आकडे आणि न बोललेली विरामचिन्हे

माणसाचे बोलणे यंत्राला कळावे यासाठी झालेल्या प्रयत्नांची सुरुवात आकड्यांपासून झाली. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९५२ साली तयार झालेले 'ऑड्री' हे यंत्र शून्य ते नऊ एवढे दहाच अंक ओळखत असे, आणि तेही एका ठरावीक व्यक्तीच्या आवाजाशी जुळवून घेतल्यावर व प्रत्येक अंकानंतर थोडे थांबले तरच. आयबीएम कंपनीने १९६२ साली सिएटलच्या जागतिक प्रदर्शनात मांडलेल्या 'शूबॉक्स' या यंत्राला सोळा शब्द समजत, त्यांत दहा अंक होते आणि उरलेले शब्द बेरीज-वजाबाकीच्या आज्ञांचे होते. अंक निवडण्यामागे साधा हिशेब होता: शब्द मोजकेच, त्यांचे अर्थ निश्चित आणि उपयोग उघड. त्यानंतर सहा-सात दशके लोटली, मोबाइलवर मराठीत सलग बोलून मजकूर उमटवण्याची सोय २०१७ पासून सामान्य माणसाच्या हाती आली, लांबलचक जोडशब्द आणि बोलीतले उच्चारही प्रणाली बऱ्यापैकी टिपू लागल्या. तरी ज्या आकड्यांपासून हा प्रवास सुरू झाला ते आकडे आणि त्यांच्याबरोबरची विरामचिन्हे हीच श्रुतलेखनातील सर्वांत कच्ची जागा राहिली आहे.

याचे कारण कळण्यासाठी प्रणालीच्या कामाच्या पायऱ्या पाहाव्या लागतात. पहिल्या पायरीवर आवाजाच्या लहरींचे अगदी बारीक तुकडे पाडून त्यांत कोणते वर्ण असण्याची शक्यता किती, याचा अंदाज बांधला जातो. दुसऱ्या पायरीवर 'भाषाप्रतिमान' काम करते, म्हणजे त्या भाषेतील अफाट मजकुरावरून कोणत्या शब्दाशेजारी कोणता शब्द येण्याचा संभव अधिक हे शिकलेली गणिती रचना. तिसरी पायरी लेखनाची असते. 'एक मे एकोणीसशे साठ' हे ऐकलेले शब्द '१ मे १९६०' असे लिहायचे, 'पन्नास टक्के' हे '५०%' असे लिहायचे की शब्दांतच ठेवायचे, वाक्य कोठे तोडायचे, हे सर्व या पायरीवर ठरते. मजकूर मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या यंत्रांना '१९६०' चे शब्दांत रूपांतर करावे लागते, त्या क्रियेला पाठसामान्यीकरण म्हणतात. श्रुतलेखनात नेमकी उलट क्रिया घडत असल्याने तिला व्यस्त पाठसामान्यीकरण असे नाव आहे. अलीकडच्या काही प्रणालींत या तिन्ही पायऱ्या एकाच विशाल जाळ्यात मिसळून टाकलेल्या असतात, पण त्यामुळे प्रश्न बदलत नाहीत, फक्त ते कोठे सोडवले जातात हे दिसेनासे होते.

आकड्यांची पहिली अडचण दुसऱ्या पायरीवरच उभी राहते. 'विहिरीला पाणी लागले' या वाक्यातील 'पाणी' अस्पष्ट ऐकू आले तरी शेजारचे शब्द ते सावरून घेतात, कारण तेथे दुसरा शब्द बसतच नाही. 'आजींचे वय ब्याऐंशी आहे' या वाक्यात मात्र 'ब्याण्णव' तितक्याच सहजतेने बसते, आणि 'सत्तर किलो' व 'सतरा किलो' या दोहोंपैकी कोणते खरे हे वाक्यातील इतर कोणताही शब्द सांगू शकत नाही. शब्दांना शेजाऱ्यांचा आधार असतो, आकड्यांना तो जवळजवळ नसतो. म्हणून आकडा ओळखण्याचा सगळा भार कानावर, म्हणजे पहिल्या पायरीवर पडतो. मराठीत हा भार अधिक जाणवतो, कारण एक ते शंभर या संख्यांची नावे बहुतेक स्वतंत्रपणे पाठ करावी लागतात आणि त्यांतील अनेक एकमेकांना फार जवळची आहेत. शहाऐंशी आणि शहाण्णव, सत्त्याहत्तर आणि सत्त्याऐंशी, त्रेपन्न आणि त्रेसष्ट या जोड्यांत फरक दाखवणारा भाग शब्दाच्या शेवटी येतो, आणि घाईने बोलताना नेमका शेवटच गिळला जातो. सात आणि साठ यांत तर 'त' आणि 'ठ' एवढाच भेद आहे, आणि फोनच्या लहानशा मायक्रोफोनमधून, पंख्याच्या घरघरीत, तो सहज हरवतो.

मराठी संख्यावाचनाच्या याच स्वरूपावरून २०१९ साली महाराष्ट्रात मोठा वाद झाला होता. बालभारतीच्या इयत्ता दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीस, बावीस यांच्या जोडीला 'वीस एक', 'वीस दोन' अशी वाचनाची रीत दिली गेली, आणि जोडाक्षरे व एककाचा आधी होणारा उच्चार यांमुळे मुलांना संख्या अवघड जातात अशी भूमिका गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांनी मांडली. मुलांच्या शिक्षणापुरता तो मुद्दा विचार करण्याजोगा होता. श्रुतलेखनाच्या दृष्टीने पाहिले तर मात्र जुन्या पद्धतीत एक मोठा गुण आहे, ज्याच्याकडे त्या वादात फारसे लक्ष गेले नाही. मराठीत शंभराखालची प्रत्येक संख्या एकसंध शब्द असल्याने तिची हद्द स्पष्ट असते: 'अठ्ठ्याण्णव बावीस' असे कोणी म्हटले तर त्यातून ९८ आणि २२ एवढेच निघते. 'वीस पाच' यातून मात्र २५ निघू शकते आणि सुटे २० व ५ सुद्धा. इंग्रजीत 'ट्वेंटी फाइव्ह' म्हणणाऱ्यांना याच संदिग्धतेचा त्रास होतो, विशेषतः फोन क्रमांक सांगताना. म्हणून मराठीची संख्यानामे यंत्राला पेलत नाहीत हा समज अर्धाच खरा आहे. ती ऐकायला अवघड आहेत, पण एकदा नीट ऐकली की समजायला सोपी आहेत.

संख्यावाचनातील खरा समृद्ध भाग सव्वा, दीड, पावणे, अडीच आणि साडे या शब्दांचा आहे. बाजारात, शेतात आणि घरात मराठी माणूस याच शब्दांत मोजतो. त्यांचे गणित पक्के आहे: 'पावणे' म्हणजे पुढील संख्येतून पाव वजा आणि 'सव्वा' म्हणजे पाव अधिक, पण तो पाव कशाचा हे मागाहून येणारे शे, हजार किंवा लाख ठरवतात. म्हणून पावणेदोन हे १.७५, पावणेदोनशे हे १७५ आणि पावणेदोन लाख हे १,७५,०००. त्यात अपवादही आहेत. साडेएक आणि साडेदोन असे कोणी म्हणत नाही, त्यांच्या जागी दीड आणि अडीच येतात. पाऊण म्हणजे एकातून पाव वजा, आणि पाऊणशे म्हणजे ७५. हे नियम प्रणालीत लिहून घालता येतात, पण तेवढ्याने भागत नाही. 'दुकानदाराला पावणेआठ हजार रुपये पावणेआठ वाजता दिले' हे वाक्य पाहिले की अडचण कळते. येथे पहिल्या 'पावणेआठ'चे ७,७५० करायचे आणि दुसऱ्याचे ७:४५, आणि हाच शब्द 'किलो'च्या आधी आला असता तर ७.७५ करायचे. पहिल्यात हजारांचा पाव कमी होतो, दुसऱ्यात तासाचा, म्हणजे पंधरा मिनिटांचा. शब्द एक, लेखी रूपे तीन, आणि निवड करण्यासाठी प्रणालीला पुढचा शब्द येईपर्यंत थांबावे लागते. बोलता बोलता फोनच्या पडद्यावर उमटलेला शब्द क्षणभराने आपोआप बदलतो, त्याचे कारण हेच की पुढचे ऐकल्यावर प्रणाली आधीचा निर्णय दुरुस्त करत असते. जेथे असे नियम मराठीसाठी लिहिलेलेच नाहीत तेथे 'पावणे' हा शब्द तसाच राहतो आणि पुढे सुटा ८ उमटतो, आणि 'पावणे ८ हजार' असे धड अंकांत नाही धड अक्षरांत नाही असे काहीतरी हाती येते.

संख्येचा लेखी वेश प्रसंगानुसार बदलतो याची उदाहरणे आणखीही आहेत. 'दोन हजार पंचवीस' हे साल असेल तर २०२५ असे सलग लिहायचे आणि रक्कम असेल तर २,०२५ असा स्वल्पविराम द्यायचा. रक्कम मोठी असेल तर तो स्वल्पविराम लाख-कोटींच्या हिशेबाने द्यायचा, दर तीन अंकांनी देण्याच्या पाश्चात्त्य रीतीने नव्हे, कारण १२५,००० हा आकडा मराठी वाचकाला क्षणभर अडखळवतो. 'सातबारा' हा शब्द तर महाराष्ट्रातील कोणत्याही प्रणालीची खरी परीक्षा आहे. जमिनीच्या महसुली नोंदींतील गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा यांच्या एकत्रित उताऱ्याचे हे नाव असून ते ७/१२ असे तिरप्या रेषेने लिहितात. ज्या प्रणालीला मराठी व्यवहार ठाऊक नाही ती त्याचे '७ १२' किंवा सात वाजून बारा मिनिटे करू शकते, आणि तलाठ्याला द्यायच्या अर्जात असे काही गेले तर अर्जदाराला पुन्हा खेटे घालावे लागतात. उलट जेथे अंक लिहायचेच नाहीत अशा जागाही पुष्कळ आहेत. चार शब्द सुनावणे, दोन हात करणे, सतराशे साठ कारणे देणे, कामाचे तीन तेरा वाजणे, यांतील संख्या अक्षरांतच शोभतात. 'एक' हा शब्द मराठीत पुष्कळदा मोजण्यासाठी आलेला नसतो, 'एक राजा होता' यातील 'एक' अंकात लिहिणे चूकच आहे. 'छत्तीसचा आकडा' या प्रयोगाचा उगम तर देवनागरी ३ आणि ६ यांनी एकमेकांकडे पाठ फिरवलेली असण्यात आहे, आणि तरीही तो अक्षरांत लिहिण्याचाच प्रघात आहे.

आता विरामचिन्हांकडे वळले पाहिजे, कारण तेथील अडचण वेगळ्या जातीची आहे: आकडे निदान उच्चारले तरी जातात, विरामचिन्हे उच्चारली जात नाहीत. मराठी लेखनातही ती फार जुनी नाहीत. मोडी लिपीतील पत्रे आणि दफ्तरे शब्दांमध्ये अंतरही न सोडता ओळीच्या ओळी लिहिली जात आणि वाचणारा अर्थावरून शब्द व वाक्ये तोडून घेई. आज वापरात असलेली चिन्हे इंग्रजी छपाईच्या संपर्काने एकोणिसाव्या शतकात आली आणि ती रुजवण्याचे श्रेय मुख्यतः मेजर थॉमस कँडी यांना दिले जाते. हिंदीने वाक्याच्या शेवटी दंड राखला, मराठी गद्याने टिंबाचा पूर्णविराम स्वीकारला. दोन्ही भाषांची लिपी एकच असल्यामुळे हा फरक प्रणाली घडवणाऱ्यांच्या नजरेतून निसटू शकतो, आणि मग मराठी वाक्याच्या शेवटी दंड उभा राहतो.

चिन्हे मिळवण्याचा जुना मार्ग म्हणजे ती बोलून दाखवणे. १९९० साली आलेल्या 'ड्रॅगन डिक्टेट' या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक शब्दानंतर थांबावे लागे. १९९७ च्या 'ड्रॅगन नॅचरलीस्पीकिंग'पासून सलग बोलणे शक्य झाले, पण स्वल्पविराम हवा तेथे 'कॉमा' म्हणावेच लागे, आणि आकडा अंकातच हवा असल्यास त्याआधी 'न्यूमरल' असा शब्द उच्चारण्याची सोय होती. या मार्गात चिन्हावर लेखकाची सत्ता राहते, पण विचाराचा ओघ तुटतो. शिवाय मराठीत चिन्हांची नावे बोलण्यातही येतात. 'या वादाला पूर्णविराम मिळाला', 'निर्णयावर प्रश्नचिन्ह उभे राहिले' ही वृत्तपत्रांतील नित्याची वाक्ये आहेत, आणि त्यांतील 'पूर्णविराम' ही आज्ञा समजली गेली तर वाक्य मध्येच तुटते. आज्ञा म्हणून उच्चारलेल्या शब्दाच्या आगेमागे किंचित विश्रांती असते आणि वाक्यात गुंफलेला शब्द विभक्ती व क्रियापदाशी बांधलेला असतो, या दोन खुणांवरून प्रणालीला भेद करता येतो. त्यासाठी मराठी वाक्यांची पुरेशी उदाहरणे तिने पाहिलेली असावी लागतात.

नवा मार्ग चिन्हे आपोआप घालण्याचा आहे. २०२२ साली प्रसिद्ध झालेली 'व्हिस्पर' ही ओपनएआयची प्रणाली ६ लाख ८० हजार तासांच्या ध्वनिमुद्रणांवर आणि त्यांच्या लेखी प्रतींवर शिकवली गेली, त्यामुळे ती शब्दांबरोबर चिन्हेही लिहिते. मात्र त्यांतील सुमारे १ लाख १७ हजार तासच इंग्रजीखेरीजच्या ९६ भाषांचे मिळून आहेत, आणि मराठी ही त्या गर्दीतील एक भाषा. अशी प्रणाली दोन खुणांवर विसंबते, एक आवाजातील विराम व चढउतार, आणि दुसरी शब्दांची मांडणी. पैकी विराम फसवा असतो, कारण बोलणारा स्वल्पविरामासाठी थांबतो त्याहून कितीतरी अधिक वेळा शब्द आठवण्यासाठी थांबतो. मांडणीवर विसंबावे तर मराठीत क्रियापद शेवटी येत असल्याने 'आहे' ऐकू आले की वाक्य संपले असे वाटते, आणि पुढे 'असे त्यांचे म्हणणे' येते. 'तो का आला नाही' येथे प्रश्नचिन्ह हवे, आणि 'तो का आला नाही हे कळले नाही' येथे नको. दोन्ही वाक्यांतील पहिले चार शब्द समान आहेत आणि निर्णय पुढच्या 'हे'वर अवलंबून आहे. 'तू येणार का' यात 'का' मदतीला येतो, पण 'तू येणार' एवढेच चढ्या सुरात विचारले तर शब्दांत प्रश्नाची एकही खूण उरत नाही आणि सूर हाच एक आधार राहतो.

एकाच टिंबाची तीन कामेही गोंधळ वाढवतात. वाक्याच्या शेवटचे टिंब पूर्णविराम म्हणून उच्चारतात, संख्येतील टिंबाला शाळेत दशांश चिन्ह व व्यवहारात पॉइंट म्हणतात, आणि ईमेलच्या पत्त्यात तेच डॉट होते. पहिल्यानंतर जागा सोडायची, उरलेल्या दोहोंनंतर सोडायची नाही. विसर्गाची गोष्ट याहून नाजूक आहे. 'स्वतः' या शब्दातील विसर्ग हा अक्षराचा भाग आहे आणि संगणकाच्या युनिकोड संकेतपद्धतीत त्याला स्वतंत्र स्थान आहे, तरीही टंकलेखनात त्याच्या जागी अपूर्णविराम, म्हणजे दोन टिंबांचे चिन्ह, घालण्याची सवय फार पसरली आहे. प्रणाली जो मजकूर वाचून शिकते त्यातच हा दोष असल्याने तो तिच्या लेखनात उतरतो. यंत्राची ही चूक मुळात मराठी लिहिणाऱ्यांची आहे, आणि ती सुधारणेही त्यांच्याच हाती आहे.

या सर्व चुका जाहीर गुणपत्रिकेत क्वचितच दिसतात, ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवण्यासारखी आहे. श्रुतलेखनाची अचूकता 'शब्दत्रुटीदर' या मापाने मोजतात, म्हणजे दर शंभर शब्दांत किती शब्द चुकले, सुटले वा जादा आले याचे प्रमाण. या मापात 'आणि'च्या जागी 'व' आला तरी एक चूक आणि सत्तर हजारांचे सतरा हजार झाले तरी एकच चूक. त्यातच मोजणीपूर्वी विरामचिन्हे काढून टाकण्याची आणि आकड्यांची रूपे एकसारखी करून घेण्याची पद्धत रूढ आहे. शंभर शब्दांच्या पत्रात फक्त रक्कम चुकली तर ती प्रणाली या मापाने जवळजवळ निर्दोष ठरते, पण ते पत्र निरुपयोगी असते, कदाचित घातकही.

यावर माणसांनी शोधलेले उपाय यंत्रांपेक्षा जुने आहेत आणि ते श्रुतलेखनालाही लागू पडतात. विमानचालक आणि हवाई वाहतूक नियंत्रक उड्डाणदिशा व रेडिओचे क्रमांक सुट्या अंकांत सांगतात, इंग्रजी 'नाइन'चा उच्चार 'नायनर' असा करतात आणि महत्त्वाची सूचना ऐकणाऱ्याने परत म्हणून दाखवावी असा दंडक पाळतात. औषधांच्या मात्रेबाबत अमेरिकेतील 'इन्स्टिट्यूट फॉर सेफ मेडिकेशन प्रॅक्टिसेस' ही संस्था सांगते की दशांश चिन्हाआधी शून्य अवश्य लिहावे आणि पूर्ण संख्येनंतर निष्कारण शून्य लिहू नये, म्हणजे ०.५ लिहावे आणि १.० लिहू नये, कारण टिंब दिसले नाही तर मात्रा दहापट होते. भारतात १८८१ च्या चलनक्षम दस्तऐवज अधिनियमाच्या कलम १८ नुसार धनादेशावरील अंकी व अक्षरी रक्कम वेगळी असेल तर अक्षरी रक्कम ग्राह्य धरली जाते. ही अंकी-अक्षरी जोडी श्रुतलेखनात फार उपयोगी आहे. रक्कम आधी पूर्ण संख्येत आणि मग सुट्या अंकांत, म्हणजे 'एक सात पाच शून्य शून्य शून्य' अशी सांगितली, तर एकदा झालेली चूक दुसऱ्यांदा तशीच होण्याचा संभव कमी असतो, आणि दोहोंत फरक दिसला की डोळे तेथे थांबतात. फोन क्रमांक आणि खाते क्रमांक सुट्या अंकांतच सांगावेत, आणि 'डबल', 'ट्रिपल' हे शब्द टाळावेत. ब्याऐंशी-ब्याण्णवसारख्या जोडीत शेवटचा उच्चार पुरा करावा.

प्रणालींकडून अपेक्षा करताना त्यांना काय पुरवले जाते हेही पाहिले पाहिजे. मोझिला संस्थेच्या 'कॉमन व्हॉइस' या खुल्या संग्रहात कोणालाही मराठी वाक्ये वाचून आपला आवाज देता येतो आणि नवी वाक्येही सुचवता येतात. तेथील एक नियम असा आहे की सुचवलेल्या वाक्यात अंक नसावेत, कारण तेच अंक निरनिराळे लोक निरनिराळ्या रीतीने वाचतात. संख्या अक्षरांत लिहिली तर मात्र चालते. नियम रास्त आहे, पण त्याचा एक परिणाम असा की लोक संख्या असलेली वाक्ये गाळूनच टाकण्याचा धोका राहतो. तेव्हा ज्यांना मराठीत बोलून लिहिण्याची गरज वाटते, त्या शिक्षकांनी, लेखनिकांनी, दृष्टिहीन वाचक-लेखकांनी, शेती आणि दुकानाचे हिशेब ठेवणाऱ्यांनी अशा संग्रहांत स्वतः रचलेली, पावणेआठ हजारांची, सातबाऱ्याची, त्र्याहत्तर आणि त्र्याऐंशीची वाक्ये अक्षरांत लिहून द्यावीत, आणि ती आपल्या गावच्या उच्चारांत वाचूनही द्यावीत.